शिंदळ माकुडी कुंडीत वाढवताना

सगळ्यात आधी एक विनंती. शिंदळ माकुडी, म्हणजे कातळाच्या भेगेत वाढणारी ही मांसल वनस्पती, हवी म्हणून कुणीही गडाच्या कड्यावरून फांदी तोडून आणू नका. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड, महाबळेश्वर, रंधा धबधब्याचा परिसर अशा मोजक्याच जागी ती रानात उरली आहे आणि महाराष्ट्राबाहेर रानात ती सापडत नाही. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने एकेकाळी जगातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या बारा वनस्पतींमध्ये तिचं नाव घातलं होतं. रानातून गोळा केलेल्या ज्या वनस्पतींच्या निर्यातीला आपल्याकडे बंदी आहे, त्या यादीतही ती आहे. आणि गंमत म्हणजे कुंडीत ती इतकी सहज फुटते, की रानातून आणायची गरजच पडत नाही. ज्याच्याकडे वाढवलेलं झाड आहे त्याच्याकडून बोटभर फांदी मागा. माझ्याकडची वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेली आहे. मी राहते सासवडला, पुरंदरच्या पायथ्याशी, पण गडावरून मी तिचं पानही आणलेलं नाही.

नर्सरीत किंवा पुस्तकात ती फ्रेरिया इंडिका या नावानं भेटेल. डाल्झेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८६० च्या दशकात तिची नोंद केली, तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते बार्टल फ्रियर. त्यांच्यावरून हे नाव पडलं. पुढे कुणी तिला कॅराल्युमात घातलं, कुणी बुसेरोसियात, त्यामुळे पाटीवर कॅराल्युमा फ्रेरेई किंवा बुसेरोसिया फ्रेरेई लिहिलेलं असलं तरी झाड हेच.

कूळ रुईचं. पण रुईसारखा पांढरा चीक नाही, कापल्यावर पाण्यासारखा रस येतो. तिच्या जवळच्या मांसल नातेवाइकांना पानं जवळजवळ नसतातच, असली तर नावापुरती. हिला मात्र चांगली दोन-अडीच इंचांची, जाडसर, गुळगुळीत पानं येतात. पावसाळ्यात बघितलं तर हे निवडुंगासारखं पाणी साठवणारं झाड आहे असं वाटतही नाही. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळायला लागतात आणि उन्हाळ्यात कुंडीत उरतात फक्त करड्या-हिरव्या, बोटाएवढ्या जाडीच्या नुसत्या कांड्या. झाड मेलं असं समजून लोक पाणी वाढवतात आणि तिथेच ते खरोखर मरतं. माझ्या ओळखीत गेलेली बहुतेक झाडं अशी जानेवारी ते मेच्या दरम्यान, पाणी जास्त झाल्यानं गेली आहेत. पाण्यावाचून गेलेलं मी एकही पाहिलेलं नाही.

म्हणून पाण्याचं गणित नीट लक्षात घ्या, बाकी सगळं त्यामागून येतं. जूनच्या सरी सुरू झाल्या की कांडीच्या टोकाला बारीक कोंब दिसतो. तिथून ऑक्टोबरपर्यंत पाणी मोकळ्या हातानं द्या, फक्त दोन पाण्यांमध्ये वरची इंचभर माती कोरडी होऊ द्या. पानं पिवळी पडू लागली की पाणी निम्म्यावर आणा. पूर्ण पानगळ झाली की थंडीत महिनाभर पाणी नाही दिलं तरी काही बिघडत नाही. एप्रिल-मेच्या कडक उन्हात दोन-तीन आठवड्यांनी एकदा, संध्याकाळी, कुंडीच्या कडेनं पेलाभर पाणी पुरे. कांड्यांवर सुरकुत्या पडतील. पडू द्या. सुरकुतलेली कांडी बोटांत धरून दाबली की घट्ट लागत असेल तर ती बरी आहे. मऊ लागली, आणि बुडाशी तपकिरी, ओलसर, आरपार दिसल्यासारखी झाली असेल तर ती कुजते आहे, आणि त्याच दिवशी हालचाल करायला हवी.

कुजलेलं कापताना दया दाखवू नका. धारदार ब्लेड घ्या, स्पिरिटनं पुसा आणि कुजक्या भागाच्या वर काप घ्या. कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. मधोमध तपकिरी ठिपका जरी दिसला तरी ब्लेड पुन्हा पुसून आणखी बोटभर वर कापा. काप पूर्ण स्वच्छ, फिकट हिरवा-पांढरा दिसेपर्यंत थांबायचं नाही. वरचं निरोगी टोक सावलीत वाळवून परत लावता येतं. उरलेली माती आणि मुळं टाकून द्या, ती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

आता माती. ज्यांनी तिला कड्यावर पाहिलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. तिथे ती कातळाच्या भेगेत मुठीएवढ्या मातीत रुजलेली असते आणि खाली लोंबत असते. पाऊस कितीही कोसळो, पाणी क्षणभरही थांबत नाही. आपल्याला कुंडीत तेच जमवायचं आहे. मी दोन भाग चाळलेला मुरूम घेते, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढा, आणि त्यातली भुकटी चाळणीनं काढून टाकते. एक भाग जुनं, पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. मूठभर लाकडी कोळशाचे तुकडे. मुरूम मिळत नसेल तर फुटक्या विटांचे तुकडेही चालतात. कोकोपीट मी वापरत नाही. ते पावसाळ्यात दिवसेंदिवस ओलं राहतं आणि उन्हाळ्यात एकदा सुकलं की पाणी धरत नाही, म्हणजे दोन्हीकडून गैरसोय. काळी माती तर अजिबात नको.

कुंडी उथळ हवी, चार-पाच इंच खोल पुरे, कारण मुळं वरवरच पसरतात. मातीची कुंडी उत्तम. तळाला एक भोक असेल तर आणखी दोन पाडून घ्या. कुंडी एका बाजूनं विटेच्या तुकड्यावर टेकवून थोडी तिरकी ठेवली, की भोकाशी पाणी साचत नाही आणि फांद्या आपोआप खालच्या बाजूला लोंबतात. टांगलेल्या कुंडीत तर ती फार देखणी दिसते. घराला दगडी गडगा असेल तर त्याच्या सांध्यात मुरूम भरून लावून बघा, मला तरी याहून तिच्या स्वभावाला मानवणारी जागा माहीत नाही.

ऊन सकाळचं, चार-पाच तास. दुपारी झिरपतं. पूर्ण सावलीत ती जगते, पण कांड्या लांबट, बारीक होतात आणि फुलं येत नाहीत. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर जुलै-ऑगस्टच्या झडीत कुंडी पागोळ्यांच्या आत घ्या. आमच्याकडे पाऊस बेताचा, त्यामुळे माझी कुंडी वर्षभर उघड्यावर असते. खताचं फार मनावर घेऊ नका. जूनमध्ये चमचाभर गांडूळखत वरून पसरायचं, संपलं. नत्र जास्त झालं की पानं मोठी होतात, कांड्या मऊ होतात आणि रोग धरतात.

फांदी लावायची वेळ म्हणजे झाड जागं होताना, जूनच्या सुरुवातीला. हाताच्या बोटाएवढी, तीन-चार इंचांची कांडी पेराशी कापा. वर्तमानपत्रावर, सावलीत, वारा लागेल अशा जागी आठवडाभर पडू द्या. कापलेलं तोंड आधी ओलसर चमकतं, मग आक्रसतं, आणि शेवटी त्यावर कोरडी पांढुरकी खपली धरते. नख लावल्यावर खपली कडक लागली की कांडी तयार झाली. मग ती मुरमात इंचभर खोचा, किंवा नुसती आडवी टेकवून ठेवा. आडव्या कांडीला मातीला टेकलेल्या पेरांतून मुळं फुटतात. पहिले काही दिवस फक्त वरून हलकं शिंपण. अलगद ओढून बघितल्यावर कांडीनं माती धरली असं जाणवलं, की नेहमीचं पाणी सुरू करा. साधारण तीन-चार आठवडे धरून चाला.

फुलं सप्टेंबरपासून. नव्या फुटीवर, पानाच्या पेराशी, एक किंवा दोन. इंचभराची पाच टोकांची चांदणी, रंग गडद किरमिजी, त्यावर पिवळे ठिपके आणि फराटे, आणि कडेला जांभळट केसांची झालर. फूल डोळ्यांसमोर धरून वाऱ्याची बारीक झुळूक येऊ द्या, ती झालर थरथरते. रंग आणि पोत माशांना ओढण्यासाठी आहे, परागीकरण माशाच करतात. घरी शेंगा क्वचित धरतात. धरल्या तर शिंगांसारख्या जोडीनं येतात आणि तडकल्या की रुईसारखी म्हातारी उडते, म्हणून तडकण्याआधी शेंगेवर दोरा गुंडाळून ठेवा. बी ताजं असतानाच पेरा.

कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलू नका, कळ्या गळतात.

किडींपैकी पिठ्या ढेकणावर लक्ष ठेवा. तो पेरांच्या खाचेत आणि कधी मुळांवर कापसासारखा दिसतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसून काढा. रुईवरचा पिवळा मावा कोवळ्या टोकांवर आला तर पाण्याची धार पुरते. पानं कुरतडलेली दिसली तर औषध मारण्याआधी पानामागे बघा. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळे तंतू असलेली अळी असेल तर ती प्लेन टायगर फुलपाखराची. रुईच्या कुळावर वाढणारं हे फुलपाखरू. मी ती अळी हलवत नाही. झाड पुन्हा पालवतं, आणि फारच वाटलं तर अळी जवळच्या रुईवर नेऊन सोडा.

दर दोन-तीन वर्षांनी मेअखेरीस कुंडी रिकामी करा, जुनी मधली कांडी निबर होऊन मागे पडलेली असते, ती काढून टोकं नव्या मुरमात लावा. उरलेल्या फांद्या वाटा. पोस्टानं पाठवायच्या तर खपली धरलेल्या कांड्या कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला, प्लास्टिकची पिशवी नको, आतल्या आत घाम धरून कुजतात. सोबत चिठ्ठीवर नाव आणि हे झाड कुणाच्या बागेतून आलं ते लिहा, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर ते रानातून उपटलेलं नाही हे सांगता येईल.