मोबाइल रिलेचे पेटंट: परीक्षणात अर्ज अडकवणाऱ्या या चुका टाळा

टॉवरच्या कक्षेबाहेर असलेल्या फोनचा संदेश जवळच्या दुसऱ्या फोनने पुढे न्यावा, या कल्पनेवर आधारलेले पेटंट अर्ज अभियांत्रिकी महाविद्यालये, नवउद्योग आणि मोठ्या कंपन्या अशा सगळ्यांकडून येतात. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्जदारांचे अर्ज मुंबईत अँटॉप हिल येथील पेटंट कार्यालयात दाखल होतात. पहिला परीक्षण अहवाल हाती आला की त्यातील बरेचसे आक्षेप एकाच उणिवेतून निघालेले दिसतात: कोणते उपकरण, कोणत्या माहितीच्या आधारे, कोणत्या क्षणी, नेमके काय करते, हे अर्जात लिहिलेलेच नसते. फोनने रिले व्हावे ही कल्पना जुनी आहे आणि आता पेटंट मिळू शकते ते तिच्यातील एखाद्या नेमक्या, नव्या पायरीला. ती पायरी शोधून काढणे आणि तिच्याभोवती अर्ज बांधणे हेच या क्षेत्रातील खरे काम आहे.

आधीचे रिले न शोधणे

सर्वांत महागात पडणारी चूक अर्ज लिहिण्याच्या आधीच होते. अर्जदार पेटंटांच्या संग्रहात दोन-चार शब्द टाकून पाहतो, हुबेहूब तसे काही सापडले नाही की निश्चिंत होतो, आणि परीक्षक मात्र पेटंट नसलेले दस्तऐवज पुढे ठेवतो.

या विषयाचा इतिहास लांबचा आहे. मोबाइल फोननेच इतरांचा डेटा पुढे न्यावा ही सूचना तिसऱ्या पिढीच्या जाळ्यासाठी थ्रीजीपीपी या मानक संस्थेत १९९९ मध्येच ओडीएमए या नावाने अभ्यासली गेली होती. टॉवरविना चालणाऱ्या तात्पुरत्या जाळ्यांतील मार्गनिवडीचे एओडीव्ही आणि ओएलएसआर हे प्रोटोकॉल २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि बॅटरी पाहून मार्ग निवडण्यावरचे संशोधन त्याच्याही आधीचे, १९९० च्या दशकाच्या अखेरचे आहे. थ्रीजीपीपीच्या मानकांच्या रिलीज १२ या आवृत्तीत जवळच्या फोनांचा थेट संवाद आला, रिलीज १३ मध्ये पोलीस आणि अग्निशमन दलासारख्या सेवांसाठी फोन ते नेटवर्क असा रिले आला, रिलीज १७ मध्ये तोच विचार पाचव्या पिढीच्या साइडलिंकवर, म्हणजे फोन ते फोन थेट दुव्यावर, आला आणि रिलीज १८ मध्ये फोन ते फोन रिलेची भर पडली.

यातील रिलीज १३ मधील रिलेनिवड प्रत्येक अर्जदाराने एकदा तरी नीट वाचावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. फोनला रिले होता येईल की नाही हे ठरवताना त्याला मिळणाऱ्या बेस स्टेशनच्या सिग्नलची पातळी एका खालच्या आणि एका वरच्या मर्यादेच्या दरम्यान आहे का, हे तेथे पाहिले जाते. दूरचा फोन रिलेकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद मोजून, तिच्या क्रमाने रिले निवडतो. आणि निवड सतत इकडून तिकडे उडी मारू नये म्हणून मर्यादांना ठरावीक अंतराची सवलत जोडलेली असते. त्यामुळे ‘दोन्ही बाजूंचा सिग्नल चांगला असलेला फोन रिले म्हणून निवडणे’ एवढाच दावा (कशावर हक्क मागितला आहे हे सांगणारे वाक्य) असेल, तर त्यातील नावीन्य केव्हाच संपलेले असते.

शोध घेताना केवळ शब्दांवर विसंबू नये, वर्गीकरणावरून जावे. रिलेचे काम करणाऱ्या टर्मिनलांसाठी एच०४डब्ल्यू ८८/०४, बेस स्टेशनपर्यंत पोहोचण्यासाठी निवडक रिलेवरून मार्ग ठरवण्यासाठी एच०४डब्ल्यू ४०/२२, थेट जोडणी उभारण्यासाठी एच०४डब्ल्यू ७६/१४ आणि जमिनीवरील रिले केंद्रांसाठी एच०४बी ७/१५५ हे वर्ग पाहिल्याशिवाय शोध पूर्ण झाला असे समजू नये. त्यासोबत थ्रीजीपीपीच्या कार्यगटांपुढे, विशेषतः रॅन-२ आणि एसए-२ या गटांपुढे, कंपन्यांनी मांडलेली टिपणे चाळावीत. ही टिपणे सार्वजनिक सर्व्हरवर तारखेसह उपलब्ध असतात. बैठकीत फेटाळलेली सूचना मानकात आली नाही म्हणून ती अस्तित्वातच नव्हती असे ठरत नाही. ती प्रसिद्ध झाली होती, एवढे परीक्षकाला पुरते.

दावा इतका रुंद की त्यात हॉटस्पॉटही बसतो

‘पहिले उपकरण, दुसरे उपकरण आणि तिसरे उपकरण असलेली प्रणाली, जिच्यात दुसरे उपकरण पहिल्याचा डेटा तिसऱ्याकडे पाठवते’ असा दावा लिहिला की घरातल्या फोनवर सुरू केलेला वाय-फाय हॉटस्पॉटही त्याच्या कक्षेत येतो. तपशीलपत्रात (अर्जातील शोधाच्या सविस्तर वर्णनात) पुढे पन्नास पाने साइडलिंकबद्दल लिहिलेली असली, तरी परीक्षक दाव्यातील शब्दांचा वाजवी तितका व्यापक अर्थ घेतो आणि आक्षेप नोंदवतो. अर्जदाराला हा अन्याय वाटतो, पण दाव्यात जे लिहिलेले नाही ते गृहीत धरण्याचे बंधन परीक्षकावर नाही.

दुसऱ्या टोकाला ‘बॅटरी वाचेल अशा रीतीने रिले निवडणे’ यासारखे, केवळ हवा असलेला परिणाम सांगणारे दावे असतात. त्यांवर स्पष्टतेचा आक्षेप येतो आणि तो योग्यच असतो. समजा, आपल्या शोधात रिले फोन आपल्या शोध-संदेशातच (जवळच्या फोनांना आपण उपलब्ध आहोत हे कळवणाऱ्या संदेशातच) उरलेल्या बॅटरीची पातळी आणि आधीच जोडलेल्या दूरच्या फोनांची संख्या कळवतो, आणि दूरचा फोन त्यांवरून सिग्नलची किमान मर्यादा बदलून मगच निवड करतो. असे असेल तर दाव्यात तेच लिहावे: कोणता संदेश, त्यात कोणती दोन मूल्ये, मर्यादा कोणत्या दिशेने बदलते, आणि बदलल्यानंतर कोणत्या दुव्यावर काय पाठवले जाते. अशा दाव्याची कक्षा अरुंद होते हे खरे, परंतु परीक्षणात आणि पुढे न्यायालयात उभा राहतो तो असाच दावा.

एका दाव्यात तीन उपकरणे

रिलेमध्ये किमान तीन पात्रे असतात: दूरचा फोन, रिले फोन आणि बेस स्टेशन. तिघांची कामे एकाच पद्धतीच्या दाव्यात क्रमाने लिहून टाकणे सोपे असते, पण मग त्या दाव्याचा भंग कोणी केला हे दाखवणे अवघड होते, कारण फोन एका कंपनीचा, बेस स्टेशन दुसऱ्या कंपनीचे आणि जाळे तिसऱ्याच कंपनीचे असते. त्यामुळे दूरच्या फोनच्या बाजूने एक, रिलेच्या बाजूने एक आणि गरज असल्यास बेस स्टेशनच्या बाजूने एक, असे स्वतंत्र दावे पहिल्याच दिवशी लिहावेत. मात्र तिन्हींच्या मुळाशी एकच वेगळेपण असावे, नाहीतर पेटंट कायद्याच्या कलम १०(५) खाली एकसंधतेचा आक्षेप येतो.

‘पहिल्याच दिवशी’ यावर जोर देण्याचे कारण कलम ५९ आहे. भारतात दाव्यांची दुरुस्ती केवळ त्याग (दाव्याचा काही भाग सोडून देणे), सुधारणा किंवा स्पष्टीकरण या मार्गांनी करता येते आणि दुरुस्त दावा आधीच्या दाव्याच्या कक्षेतच पूर्णपणे असावा लागतो. सुरुवातीला फक्त दूरच्या फोनचा दावा केला आणि परीक्षणाच्या वेळी रिले फोनचा दावा सुचला, तर तो दुरुस्ती म्हणून आत घेता येत नाही. मूळ अर्जातून वेगळा काढलेल्या विभागणी अर्जाचा मार्ग उरतो. तपशीलपत्रात एकाहून अधिक शोध उघड केलेले असतील तर ते मूळ दाव्यांत नसले तरी विभागणी अर्ज करता येतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२३ मध्ये सिंजेन्टा प्रकरणात स्पष्ट केले आहे. पण त्यासाठीही तो शोध तपशीलपत्रात असावाच लागतो. शुल्क वाचवण्यासाठी पाने कापणाऱ्यांनी याचा विचार करावा: तीस पानांपलीकडे व्यक्ती, नवउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जात प्रत्येक पानाला १६० रुपये पडतात, आणि वगळलेला परिच्छेद नंतर कोणत्याही किमतीला परत आणता येत नाही.

कलम ३(के): गणितावर थांबणारा दावा

रिलेनिवडीच्या अर्जांवर हमखास येणारा आक्षेप म्हणजे हा शोध निव्वळ अल्गोरिदम किंवा संगणक प्रोग्राम आहे, आणि अशा गोष्टींना कलम ३(के) प्रमाणे पेटंट मिळत नाही. अलीकडे मशिन लर्निंगने रिले निवडणारे अर्ज वाढले असल्याने हा आक्षेप अधिकच ऐकू येतो. त्यावर ‘आमच्या दाव्यात प्रोसेसर आणि मेमरी आहे’ एवढेच उत्तर देणे ही चूक आहे. सर्वसाधारण हार्डवेअरचे नाव घेतल्याने अल्गोरिदमचे तांत्रिक शोधात रूपांतर होत नाही. फेरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की शोधातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसत असेल तर केवळ संगणक प्रोग्रामवर आधारित आहे म्हणून तो नाकारता येत नाही. पेटंट कार्यालयाची या विषयावरील सुधारित मार्गदर्शक तत्त्वेही २०२५ मध्ये आली आहेत आणि उत्तर लिहिण्यापूर्वी ती वाचलेली असावीत.

दोष कुठे आहे हे तपासण्याची एक साधी रीत आहे: दाव्याचे शेवटचे वाक्य पाहावे. ते ‘रिले निवडणे’ किंवा ‘गुणांक काढणे’ यावर संपत असेल, तर दावा गणितावर थांबला आहे. निवडीनंतर फोन जोडणीची विनंती पाठवतो, थेट मार्गावरून अप्रत्यक्ष मार्गावर जातो, शोध-संदेशांमधील कालावधी बदलतो, असे रेडिओवर प्रत्यक्ष घडणारे काही दाव्यात असले पाहिजे. तसेच तपशीलपत्रात त्याचा परिणाम मोजून दाखवावा: मार्ग बदलताना खंड किती कमी झाला, किती संदेशांची बचत झाली, आणि ही मोजणी कोणत्या परिस्थितीत, किती फोन धरून केली. सिम्युलेशन चालते, पण त्यातील गृहीतके लिहिलेली असावीत. हे आकडे दाखल करतानाच तपशीलपत्रात असतील तर उत्तरात त्यांवर भक्कमपणे उभे राहता येते. संगणकवाचनीय माध्यमाचे (प्रोग्राम साठवलेल्या माध्यमावरचे) दावे परदेशी अर्जातून जसेच्या तसे उतरवणे टाळावे. येथे ते बहुधा पहिल्याच फेरीत अडकतात.

आपणच आपला शोध उघड करणे

प्रबंध ग्रंथालयात ठेवला, परिषदेत निबंध वाचला, प्रकल्पस्पर्धेत प्रात्यक्षिक दाखवले किंवा मानक संस्थेकडे टिपण पाठवले, आणि अर्ज नंतर केला, तर आपल्याच प्रसिद्धीमुळे शोधाचे नावीन्य जाते. कलम ३१ मधील सवलत अगदी मर्यादित प्रसंगांपुरती आहे; तिच्या भरवशावर राहू नये. घाई असेल तर आधी तात्पुरता अर्ज करावा आणि १२ महिन्यांत पूर्ण तपशीलपत्र द्यावे. पण एका पानाचा तात्पुरता अर्ज या क्षेत्रात फारसा उपयोगी नाही, कारण त्यात नसलेल्या पायरीला त्याची तारीख मिळत नाही, आणि मधल्या काळात मानक संस्थेच्या कितीतरी बैठका होऊन गेलेल्या असतात.

भारतात राहणाऱ्या संशोधकाला पहिला अर्ज परदेशात करायचा असेल, तर कलम ३९ प्रमाणे आधी परवानगी घ्यावी, किंवा येथे अर्ज करून सहा आठवडे थांबावे.

अहवालाचे उत्तर लिहिताना

परीक्षणाची विनंती आपोआप होत नाही. १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांना ती अग्रक्रम तारखेपासून (त्या शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिन्यांत करावी लागते. अहवालानंतर अर्ज सुस्थितीत आणण्यासाठी सहा महिने मिळतात आणि त्या मुदतीतच मागितल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. परदेशी अर्जांची माहिती देणारा फॉर्म ३ मात्र अहवालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत अद्ययावत करावा लागतो. सहा महिन्यांच्या हिशेबात ही लहान मुदत अनेकांच्या नजरेतून सुटते.

उत्तराचा गाभा बहुधा शोधक पायरीचा, म्हणजे जाणकाराला ती गोष्ट सहज सुचली नसती हे दाखवण्याचा, असतो. परीक्षक एक दस्तऐवज थ्रीजीपीपीचा आणि दुसरा तात्पुरत्या जाळ्यांचा घेऊन दोन्हींची सांगड घालतो. त्यावर ‘पहिल्यात हे नाही, दुसऱ्यात ते नाही’ असे सुटे उत्तर दिले, तर सांगड जशीच्या तशी राहते. खरा प्रश्न हा असतो की त्या विषयातील जाणकाराने या दोन गोष्टी एकत्र का आणल्या असत्या. एओडीव्हीमध्ये मार्ग शोधण्याची विनंती सगळीकडे पसरवली जाते आणि प्रत्येक फोन आपल्या परीने निर्णय घेतो. मोबाइल जाळ्यात रेडिओचा वाटा बेस स्टेशन ठरवून देऊ शकते आणि अशा पसरत्या विनंतीची किंमत इतरांच्या संवादाला मोजावी लागते. आपला शोध बेस स्टेशनच्या नियंत्रणाखालील असेल, तर ही विसंगती दाखवणारे उत्तर वजनदार ठरते. मात्र दाव्यात ते नियंत्रण लिहिलेले असले पाहिजे; उत्तरातला युक्तिवाद आणि दाव्याचे शब्द वेगवेगळ्या दिशांना गेले की उत्तर फुकट जाते. युरोप किंवा अमेरिकेत मंजूर झालेले दावे येथे चिकटवण्याआधीही ते मूळ भारतीय दाव्यांच्या कक्षेत बसतात का, हे कलम ५९ समोर ठेवून तपासावे.

आक्षेप उरले तर सुनावणीची सूचना येते. सुनावणीत नवे मुद्दे ओतण्यापेक्षा सूचनेत उरलेल्या प्रत्येक आक्षेपाला क्रमाने उत्तर द्यावे, तीन पात्रांमधील संदेशांची क्रमाकृती सोबत ठेवावी, आणि पर्यायी दावे हवे असतील तर ते सुनावणीआधीच तयार करावेत, कारण लेखी म्हणणे आणि दुरुस्ती देण्यासाठी सुनावणीनंतर पंधराच दिवस असतात. अर्ज नाकारला गेला तर कलम ११७ए खाली तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येते. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपीलीय मंडळ बंद झाल्यापासून मुंबई कार्यालयातील अर्जांसाठी हा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाकडे जातो, आणि तेथेही तपासले जाते ते दाखल केलेले तपशीलपत्र आणि दाव्यांचे शब्द.