वाड्यातली भुताळी बाई लिहिताय? या चुका टाळा

पेशवाईतला वाडा, अमावास्या आणि पांढऱ्या साडीत केस मोकळे सोडून फिरणारी ब्राह्मण विधवा. ज्याला तो काळ ठाऊक आहे, तो वाचक इथेच पुस्तक मिटतो. केशवपन झालेल्या बाईला मोकळे सोडायला केस कुठून येणार? अंगावर असायचं तांबडं अलवण, म्हणजे विधवेचं लुगडं. माजघराच्या अंधारात डोक्यावरून पदर ओढून बसलेली ती तांबडी आकृती, आणि सकाळी तिचं तोंड दिसलं तर अपशकुन मानणारं घर, हे लिहा. पांढरी साडी आपल्याला सिनेमानं दिली. मात्र हा आचार सगळ्यांना सरसकट लावू नका. कित्येक जातींत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे. आधी घर कुणाचं ते ठरवा.

हडळ, जखीण, अळवंतीण अशी नावं चवीपुरती टाकायची ही दुसरी खोड. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. मग तुमची कथा बाळंतिणीच्या खोलीत शिरायला हवी: झरोका बंद, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, सोयर म्हणून शिवायला कुणी नाही आणि चढत जाणारा ताप. भीतीचा सगळा ऐवज तिथेच आहे, आणि लेखक बसलाय स्मशानात.

काळाच्या चुका पटकन तपासा. 1790 च्या वाड्यात रॉकेलचा कंदील आणि काडेपेटी नको. समई, दिवटी चालेल. सतीबंदीचं 1829 हे साल बंगालचं, मुंबई इलाख्यात ती 1830 मध्ये आली. विधवेचं मूल विहिरीत टाकल्याचं कथानक असेल, तर 1863 मध्ये फुले दांपत्यानं पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह का काढलं ते वाचा, नाहीतर बाई नुसती क्रूर दिसेल.

कथा मध्यावर अडते ती बहुधा भुताला सूडाखेरीज काही नको असतं म्हणून. तिला मागणं द्या. पहिली बायको वारली की दुसरीनं गळ्यात सवतीचा टाक (तिच्या नावाची धातूची छोटी प्रतिमा) घालायचा, अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, अशी रीत होती. समजा, नव्या सुनेनं टाक काढून फडताळात टाकला आणि आठवड्यात तिला ताप भरला. सासू म्हणणार, पहिलीचं काहीतरी राहिलंय. वैद्याच्या आधी देवऋषी येणार. दोष टाकाचा, तापाचा की सासूचा, हे लेखकानं स्वतःच्या तोंडानं सांगू नये.