देहान्त शिक्षेवर बोलण्यापूर्वी आकडेवारी कशी वाचावी

पुण्यातील वादविवाद स्पर्धांना देहान्त शिक्षेचा विषय नवा नाही. मात्र ‘जगातील अमुक देशांत फाशी आहे’ एवढ्या वाक्यावर तयारी भागत नाही. प्रत्येक देशासाठी वहीत तीन रकाने आखावेत: कायद्यात तरतूद आहे का, न्यायालये ती शिक्षा सुनावतात का, आणि तिची अंमलबजावणी शेवटची कधी झाली.

हे रकाने वेगळे का ठेवायचे, हे श्रीलंकेवरून कळते. तेथील न्यायालये आजही ही शिक्षा सुनावतात, परंतु १९७६ नंतर तेथे कोणालाही फाशी दिलेली नाही. असे देश कोणत्या बाजूला धरायचे, यावर सगळी बेरीज बदलते. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संघटनेच्या नोंदीनुसार, २०२४ अखेर सर्व गुन्ह्यांसाठी ही शिक्षा कायद्याने रद्द केलेले देश ११३ होते. केवळ सामान्य गुन्ह्यांसाठी (म्हणजे लष्करी कायद्यातील किंवा युद्धकाळातील गुन्हे वगळून) किंवा व्यवहारात ती बंद केलेले देश मिळवले की संख्या १४५ होते. दोन्ही आकडे खरेच, म्हणून आपण कोणता वापरतो आहोत ते सांगितलेच पाहिजे.

तिसऱ्या रकान्यात ‘किमान’ हा शब्द कधीही गाळू नये. २०२४ मध्ये १५ देशांत किमान १,५१८ जणांना देहान्त दिल्याची नोंद आहे आणि त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक इराण, सौदी अरेबिया व इराक या तीन देशांतील आहेत. चीनमध्ये हा आकडा सरकारी गुपित असल्याने तो या बेरजेत नाहीच. प्रतिस्पर्धी नेमके येथेच पकडतात.

गुन्हा कोणता, हेही टिपावे. सिंगापूरमध्ये १५ ग्रॅमपेक्षा अधिक हेरॉइनची तस्करी या शिक्षेस पात्र ठरते. अमेरिकेचा विचार राज्यवार करावा, कारण मिशिगनने खुनासाठीची देहान्त शिक्षा १८४६ मध्येच रद्द केली, तर टेक्ससमध्ये ती आजही दिली जाते.

भारतासाठी पुण्याचेच उदाहरण घ्यावे. २००७ मधील बीपीओ कर्मचारी युवतीच्या खून-बलात्कार प्रकरणी सत्र न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. तरी अंमलबजावणीतील विलंबामुळे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती ३५ वर्षांच्या कारावासात बदलली. बातमीचे पहिले कात्रण पाहून या दोघांना तिसऱ्या रकान्यात टाकणारा विद्यार्थी चुकला असता.