अमेरिकेतल्या कॉलेजात आइस हॉकी: मुलींनी पहिल्या हंगामाआधी काय माहीत करून घ्यावं

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या आणि इकडे इनलाइन स्केटिंग किंवा मैदानी हॉकी खेळलेल्या मुलींसाठी हे लिहिलं आहे. बर्फावर कधीच पाय ठेवला नसला तरी कॉलेजच्या संघात शिरता येतं. कुठल्या संघात शिरता येईल, हे मात्र जाण्याआधीच समजून घ्या, म्हणजे पहिले दोन महिने वाया जात नाहीत.

एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मोठी संघटना. तिच्या डिव्हिजन एकमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरावर, नवशिक्या मुलीला जागा नसते, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. तिथल्या खेळाडू लहानपणापासून बर्फावर असतात, प्रशिक्षक त्यांना शाळेत असतानाच हेरतात आणि कित्येक जणी पुढे ऑलिंपिक खेळतात. या स्तरावरची महिलांची एनसीएए राष्ट्रीय स्पर्धा 2001 मध्ये सुरू झाली. पहिलं विजेतेपद मिनेसोटा-डुलुथने घेतलं. 2025 मध्ये विस्कॉन्सिनने आठव्यांदा करंडक जिंकला, आणि तो अंतिम सामना प्रत्येक नवख्या मुलीने पाहावा. ओहायो स्टेटविरुद्ध 2-3 ने मागे असताना, शेवटची काही सेकंद उरलेली असताना विस्कॉन्सिनला पेनल्टी शॉट मिळाला. कर्स्टन सिम्सने तो गोलात घातला आणि जादा वेळेतला निर्णायक गोलही तिनेच केला. डिव्हिजन तीनमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण दर्जा तिथेही बराच वरचा असतो.

आपल्यासाठी खरं दार म्हणजे क्लब संघ. 1991 मध्ये स्थापन झालेल्या एसीएचए या क्लब संघांच्या संघटनेत महिलांचे दोन विभाग आहेत. काही क्लब फार तगडे असतात, तर काहींना बेंचवर बसायला माणसं मिळत नाहीत. ऑगस्टमध्येच क्लबच्या अध्यक्ष विद्यार्थिनीला ईमेल करून तीनच गोष्टी विचारा: मागच्या वर्षी सामन्याला सरासरी किती जणी असायच्या, अगदी नवशिक्यांना घेता का, आणि वर्गणी किती. आठ-नऊ जणी असं उत्तर आलं तर तुम्हाला जागा आहे. गोलकीपर व्हायची तयारी असेल तर जागा जवळजवळ पक्की, कारण गोलकीपरची टंचाई सगळ्याच क्लबना असते. त्यासाठीचे पॅड्सही अनेकदा क्लबकडेच असतात.

वर्गणी ऐकून दचकू नका. रिंकचं, म्हणजे बर्फाच्या मैदानाचं, भाडं तासाला साधारण 200 ते 400 डॉलर असतं आणि ते सगळ्या जणींत वाटलं जातं. प्रवास, पंच, जर्सी त्यावर वेगळं. हंगामाची वर्गणी हजार डॉलरच्या वर सहज जाते. हप्ते पाडून मिळतात का, हे विचारायला लाजू नका. दुसरी अडचण वेळेची. परवडणारा बर्फ रात्री साडेनऊ-दहाला मिळतो. सराव संपवून, सामान आवरून खोलीवर यायला मध्यरात्र होते, म्हणून सरावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठची लॅब घेऊ नका. एफ-1 व्हिसावर पूर्णवेळ नोंदणी टिकवावीच लागते. हंगाम झेपत नाही म्हणून एखादा कोर्स सोडायचा विचार आला, तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारल्याशिवाय तो सोडू नका. विद्यापीठाच्या आरोग्य विम्यात क्लब खेळांतल्या दुखापती धरल्या आहेत का, तेही पॉलिसी उघडून वाचा.

आता सामान. हेल्मेट जाळीसकट, माउथगार्ड, गळपट्टा, खांद्याचे आणि कोपराचे पॅड, हातमोजे, पॅडेड पँट, नडगीचे गार्ड, ओटीपोटाचा संरक्षक, स्केट्स, स्टिक. यातलं हेल्मेट, माउथगार्ड आणि स्केट्स नवे घ्या, बाकी सगळं वापरलेलं चालतं. हेल्मेट जुनं घ्यायचं नाही, कारण आतला फोम कधी दबला आहे हे बाहेरून दिसत नाही.

स्केट्सवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बहुतेकींची मापं इथेच चुकतात. हॉकी स्केट पुरुषांच्या अमेरिकी बुटाच्या मापापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागते. सरळ उभं राहिलं की बोटं पुढच्या टोकाला जेमतेम टेकावीत, आणि गुडघे वाकवले की टाच मागे घट्ट बसून बोटं मोकळी व्हावीत. टाच आत हलत असेल तर ती स्केट नको, दुकानदार काहीही म्हणो. जाड लोकरी मोजे घालून सैल स्केट भरून काढणं ही नेहमीची चूक. पाऊल आत फिरतं, घोटा आतल्या बाजूला कलंडतो, आणि मुलीला वाटतं आपले घोटेच कमजोर आहेत. मोजा एकच आणि पातळ घाला. नाडी मधल्या भागात घट्ट, वरच्या दोन भोकांशी किंचित सैल ठेवा. वर करकचून आवळली तर घोट्यासमोरचा स्नायूबंध दुखावतो आणि ते दुखणं आठवडेच्या आठवडे जात नाही.

नव्या स्केट्सना बहुधा धार लावलेली नसते. तशाच बर्फावर गेलात तर पाय सगळीकडे घसरतील. पात्याच्या तळाला लांबीभर एक पन्हळ असते आणि तिच्या दोन कडा म्हणजे तुमच्या दोन धारा. पन्हळीची त्रिज्या लहान तेवढी ती खोल आणि पकड जास्त, पण घरंगळ कमी. सुरुवातीला अर्धा इंच सांगा. थांबताना पातं बर्फात अडकतंय असं वाटलं तर पुढच्या वेळी पाच अष्टमांश करून पाहा. धार लावून आली की स्केट उलटी धरून पात्यावर एक नाणं आडवं ठेवा आणि टोकाकडून पाहा. नाणं पात्याशी काटकोनात बसलं तर दोन्ही धारा सारख्या. एका बाजूला कललं तर तिथल्या तिथे पुन्हा धार लावून घ्या, नाहीतर एका दिशेला वळताना पाय हमखास निसटेल. साधारण आठ-दहा तास बर्फावर झाले की पुन्हा धार लावावी. कव्हर नसताना सिमेंटवर चार पावलं जरी चाललात तरी धार जाते. पाती पुसून कापडी कव्हरमध्ये ठेवा. चालताना वापरायच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ओल कोंडते आणि गंज चढतो.

सप्टेंबरभर शॉट मारायच्या नादी लागू नका. थांबायला शिका. इनलाइनवाल्या मुली वेगात पुढे जातात, पण चाकांवर थांबायची सवय बर्फावर उपयोगी पडत नाही. बर्फावर दोन्ही पाती एकदम आडवी करून बर्फ खरवडावा लागतो. त्यासाठी आधी गुडघे सरळ करत शरीर क्षणभर वर घ्यायचं, पात्यांवरचा भार हलका झाला की कमरेपासून खाली वळायचं आणि मग पुन्हा गुडघे वाकवून भार द्यायचा. भार हलका न करता वळलात तर धार बर्फात रुतते आणि तुम्ही तोंडावर आपटता. दोन्ही बाजूंनी थांबता आलं पाहिजे. नावडत्या बाजूला दुप्पट सराव द्या, कारण सामन्यात पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, तुमची आवडती बाजू बघून येत नाही. मैदानी हॉकीवाल्यांचे हात तयार असतात, फक्त स्टिकच्या एकाच बाजूने खेळायची सवय मोडावी लागते. इथे दोन्ही बाजू चालतात. स्टिक अनवाणी उभं राहून हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावी. तिचा फ्लेक्स, म्हणजे ताठरपणाचा, आकडा तुमच्या वजनाच्या पौंडांच्या निम्म्याजवळ घ्या; कडक स्टिक वाकतच नाही आणि शॉटमध्ये जोर येत नाही.

सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांचा. बर्फावर गोलकीपर धरून सहा जणी, आणि एका खेळाडूची पाळी, म्हणजे शिफ्ट, 40-45 सेकंदांची. नवख्या मुली दीड मिनिट थांबतात आणि दमल्यावर बदली मागतात. तोवर पक आपल्याच गोलासमोर असतो आणि बाहेर पडता येत नाही. पाय जड व्हायच्या आधी, पक पलीकडच्या भागात गेला की बेंचकडे वळा. बदलीची खेळाडू तुम्ही बेंचजवळ पोचल्यावरच उतरली पाहिजे, नाहीतर जादा खेळाडू म्हणून दोन मिनिटांची शिक्षा होते. दुसऱ्या भागात बाजू बदलतात, त्यामुळे आपला गोल बेंचपासून लांब जातो. क्लब संघ सर्वाधिक गोल याच वेळी खातात, त्यातही एकत्र उतरणाऱ्या खेळाडूंचे दोनच गट असतील तर. त्या वीस मिनिटांत शिफ्ट पाच सेकंदांनी आखूड करा. दमून पक आपल्या अर्ध्यातून भिरकावला आणि तो थेट पलीकडच्या गोलरेषेपार गेला, म्हणजे आयसिंग झालं, तर चूक करणाऱ्या संघाला बदली करता येत नाही. दमलेल्या पाचही जणी तिथेच अडकतात.

महिलांच्या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धडक मारणं नियमबाह्य आहे. अंगाला अंग मात्र लागतंच. तिला रिंकभोवतीच्या कठड्याकडे कोनातून दाबत न्यायचं, स्टिक पकवर ठेवायची, आणि शेवटच्या क्षणी खांदा किंवा ढुंगण तिच्यात घुसवायचं नाही. डोक्याला मार लागला, गरगरलं, उजेड सहन होईना, तर त्या दिवशी परत उतरायचं नाही. पुन्हा खेळायला टप्प्याटप्प्याने परतायचं असतं, दर टप्प्याला किमान 24 तास. तेव्हा सामना कितीही महत्त्वाचा असो, हे लपवू नका.

शाकाहारी मुलींनी हंगामाआधी रक्तातलं लोह, विशेषतः फेरिटिन, तपासून घ्यावं. ते कमी असेल तर तिसऱ्या भागात पाय चालत नाहीत आणि त्याचा दोष फिटनेसवर जातो. सामन्याच्या तीन-चार तास आधी वरण-भात किंवा पोळी-भाजी पोटभर, तासभर आधी केळं. रिंकच्या थंडीत तहान कळत नाही, म्हणून प्रत्येक शिफ्टनंतर घोटभर पाणी प्या.

डिसेंबरच्या परीक्षा आणि सुट्टी यांत तीन-चार आठवडे बर्फ सुटतो. भारतात आलात तर स्केट्स आणण्यात फारसा अर्थ नाही, पण स्क्वॉट्स आणि जिन्यावर धावणं चालू ठेवा. जानेवारीच्या पहिल्याच शनिवारी जांघेचे स्नायू ओढले जातात ते या खंडामुळेच. फेब्रुवारीत लीगचे निर्णायक सामने आणि मार्चमध्ये एसीएचएची राष्ट्रीय स्पर्धा. तिथवर पोचणारे क्लब थोडेच. बाकीच्यांचा हंगाम फेब्रुवारीअखेर संपतो.

संपला की लगेच संघाच्या ग्रुपवर नजर ठेवा. शेवटच्या वर्षाच्या मुली मार्च-एप्रिलमध्ये पॅड्स, पँट, हातमोजे, स्टिक निम्म्याहून कमी किमतीत विकतात. पुढच्या सप्टेंबरमध्ये तेच सामान दुकानातून नवं घ्यावं लागतं. विकत घेतलेलं सगळं धुऊन, हातमोजे आतून पूर्ण वाळवून मगच बॅगेत भरा, आणि उन्हाळ्यात ती बॅग उघडी ठेवा.