बाटलीचे पाणी-रॉकेट कसे तयार करावे
रॉकेटसाठी शीतपेयाची २ लिटरची बाटलीच घ्यावी, कारण ती वायूचा दाब सोसेल अशीच बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली हवा भरताना फुटू शकते. बाटली उलटी धरून तोंडाजवळ पुठ्ठ्याचे ३ पंख समान अंतरावर चिकटवावेत आणि बुडावर, म्हणजेच रॉकेटच्या नाकाशी, क्लेचा गोळा बसवावा. रॉकेट सरळ जाईल की कोलांट्या खाईल, हे बरेचसे या वजनावर ठरते. म्हणून रिकामे रॉकेट जिथे तोलले जाते तिथे दोरी बांधून ते गरगर फिरवावे आणि नाक पुढे राहत नसेल, तर क्ले वाढवावी.

मग बाटली एकतृतीयांश पाण्याने भरून, सायकलचा व्हॉल्व्ह बसवलेले रबरी बूच घट्ट लावावे, रॉकेट स्टँडवर उभे करावे आणि मोकळ्या मैदानात लांब नळीच्या पंपाने दुरूनच हवा भरावी. बूच सुटायला वेळ लागला, तरी रॉकेटवर कोणीही वाकून पाहू नये.