नजर कमी होत असताना मराठी ब्रेल: जोडाक्षरं आणि विरामचिन्हं

थोडी नजर शिल्लक असताना शिकायला बसलं की बोटाआधी डोळाच टिंबं मोजतो. म्हणून कागदावर रुमाल टाका आणि त्याखाली हात घालून वाचा. डोळ्यांचा उपयोग तक्ता समजण्यापुरता करा: प्रत्येक अक्षराच्या घरात सहा टिंबांच्या जागा, डावीकडे वरून खाली 1, 2, 3, उजवीकडे 4, 5, 6.

छापील मराठी वाचलेल्याला अडवते ती जुनी सवय. ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटी नाही. व्यंजनापुढे अख्खा स्वर येतो. ‘सोलापूर’ म्हणजे स, ओ, ल, आ, प, ऊ, र. ऱ्हस्व वेलांटी छापताना अक्षराआधी येते, इथे नंतर: ‘सि’ म्हणजे स 234 (म्हणजे टिंबं 2, 3, 4), मग इ 24. व्यंजनातला ‘अ’ लिहीत नाहीत, पण त्याला लागून स्वर आला तर लिहावाच लागतो. ‘मुंबई’त ब आणि ई यांच्यामध्ये टिंब 1 विसरलात तर ‘मुंबी’ होतं.

सगळ्यात जास्त चुका जोडाक्षरांत होतात. हलंताचं टिंब 4 अर्ध्या अक्षराच्या *आधी* येतं. छापात पाय अक्षराखाली मोडतो, म्हणून हात ते नंतर टाकायला जातो आणि अर्धेपणा भलत्याच अक्षराला चिकटतो. ‘गड्डा’ म्हणजे ग 1245, हलंत 4, ड 1246, ड 1246, आ 345. रफारही तसाच: ‘कर्नाटक’मध्ये क, मग 4, र, न, र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढत नाही. हे हाताला बसलं की ‘सिद्धेश्वर’ लिहून पाहा. दोन हलंतांसह बरोबर 10 घरं भरली पाहिजेत.

स्वल्पविराम 2, पूर्णविराम 256, प्रश्नचिन्ह 236, उद्गारचिन्ह 235, संयोगचिन्ह 36. यांत टिंब 1 आणि 4 नसल्याने बोट वरची ओळ हरवतं आणि एकटं 2 हे ‘अ’सारखं लागतं. उंची आधीच्या अक्षराशी ताडून पाहा. 236 शब्दाच्या सुरुवातीला असेल तर ते अवतरणाची सुरुवात, शेवटी असेल तर प्रश्न. 235 म्हणजे ‘फ’सुद्धा, आणि अवतरण बंद करणारं 356 म्हणजे ‘झ’. शब्द पुरा वाचूनच ठरवा.

अंकचिन्ह 3456 आणि ‘ण’ एकच. मराठी शब्द ‘ण’ने सहसा सुरू होत नाही, त्यामुळे सुरुवातीला आलं तर अंक समजा. 2026 असं: 3456, 12, 245, 12, 124.

ब्रेल पाटीवर स्टायलसने (टोचायच्या टोकदार लेखणीने) उजवीकडून डावीकडे, उलटं टोचायचं. तिथे 1, 2, 3 उजव्या बाजूला येतात. कागद 120 ते 140 जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅमचा) जाड घ्या, पातळ कागदावरची टिंबं बसतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घामाने बोट कागदाला चिकटतं, तेव्हा हात धुऊन कोरडे करा आणि सकाळीच वाचा. मधुमेहामुळे बोटं बधिर झाली असतील तर प्रत्येक बोट तपासून सगळ्यात जागं असलेलं निवडा आणि मोठ्या टिंबांचं ब्रेल मागा. बोट दाबू नका. दाबलं की टिंब कमी जाणवतं.