टाइल न तडकवता भोक पाडायचंय?

बाथरूममध्ये टॉवेलचा दांडा लावायला ड्रिल टेकवलं की बिट टाइलवरून घसरतं, नाहीतर टाइल तडकते. तडकण्याचं कारण बहुतेकदा एकच, हॅमर मोड (बिट फिरताना ठोकेही मारणारा) पहिल्यापासून चालू असतो.

१. खुणेच्या जागी मास्किंग टेपची फुली चिकटवा. बिट घसरत नाही.
२. हॅमर बंद ठेवून, भाल्यासारख्या टोकाचं टाइलचं बिट लावून, हळू वेगात सुरू करा. जोर देऊ नका.
३. टाइल संपून लाल भुकटी दिसली की विटेची भिंत लागली. आता काँक्रीटचं बिट लावा आणि मगच हॅमर चालू करा.
४. स्क्रू धरायला भोकात बसवायचा प्लास्टिकचा प्लग ३५ मिमीचा असेल तर बिटवर टोकापासून ४० मिमीवर टेप गुंडाळा. तिथे पोचलात की थांबा.

डोळ्यांवर चष्मा हवाच. एकाच भोकासाठी कशाला, असं मीही म्हणायचो. डोळ्यात गेलेला कण डॉक्टरांकडून काढून घेतल्यापासून म्हणत नाही.

आणि नळाच्या किंवा स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत, वर, खाली वा आडवं, भोक पाडूच नका. पाइप आणि वायरी बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. वीतभर बाजूला सरका. शंका असेल तर त्या भिंतीतल्या वायरींचा एमसीबी (मेन बोर्डातला स्विच) बंद करा आणि ड्रिलला दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन घ्या.